दहावा चौकोन

स्मरणिकेसाठी लिहावे असे पत्र आले, तेव्हा शाळेविषयी लिहायचे म्हणजे विज्ञानाच्या सरांविषयीच लिहायचे, हे मनात ठरूनच गेले.

नववीत असताना सर आम्हांला सप्टेंबरात कासच्या पठारावर घेऊन गेले. सुतळीने एक चौरस मीटरचा चौकोन आखायचा आणि त्यातली सीतेची आसवे आणि गेंद ही रानफुले, गवत असे सारे मोजायचे. प्रत्येक गटाला असे दहा चौकोन होते. जांभ्यावरच्या पातळ मातीत जिथे पाणी साचते, तिथे सीतेची आसवे दाट होती. अशा मातीत नत्र कमी असते आणि ही वनस्पती जमिनीतल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून ती उणीव भरून काढते, हे सरांनी गुडघ्यांवर बसून दाखवले. ‘पाणी तिथे सीतेची आसवे’ असा निष्कर्ष मी वहीत ठळक अक्षरांत लिहिला. मात्र दहाव्या चौकोनात पाणी असूनही तिचे एकही रोप नव्हते, म्हणून तो चौकोन मी गाळला.

वही पाहताना सरांनी एवढेच विचारले, “दहावा कुठे गेला?” पुढच्या रविवारी ते स्वतःच्या खर्चाने मला एस.टी.ने पुन्हा कासला घेऊन गेले. तिथे माती वीतभर खोल होती आणि गवत कमरेपर्यंत वाढलेले होते. “म्हणजे गवताच्या सावलीमुळे?” मी विचारले. सर म्हणाले, “हे अनुमान झाले. सावली, मातीची खोली, खत, यांतले एकच बदलून बाकी सारे सारखे ठेवशील, तेव्हा कारणाविषयी बोल.” मग शाळेच्या मागच्या अंगणात आम्ही मेथीच्या बारा कुंड्या मांडल्या, सहा उन्हात, सहा सावलीत, माती आणि पाणी मात्र सर्वांना मोजून सारखे. परिसंस्था म्हणजे नुसती झाडे-प्राण्यांची यादी नव्हे, तर माती, पाणी, प्रकाश आणि सजीव यांचे परस्परांशी असलेले नाते, हे मला त्या कुंड्यांपाशी समजले.

आज मी कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवतो, आणि न जुळणारी नोंद खोडणाऱ्या विद्यार्थ्याला मी ती पुन्हा लिहायला लावतो. २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांसह कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तो आनंद सांगायला सर राहिले नव्हते.

मागच्या भेटीत पाहिले, तर त्या अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसवलेले होते. नव्या इमारतीच्या आराखड्यात कुंड्यांपुरती तरी उघडी माती राखावी, अशी विनंती मी या पानावरून करतो. मेथीचे बी मी आणून देईन.