‘जस्टिस’मधला बेस मला परत नकोय

मी बेस गिटार वाजवायचो. आता ॲम्प माळ्यावर गेलाय आणि गिटार कपाटामागे उभी आहे, पण कुणी मेटलवाला भेटला आणि त्याला हे कळलं की पाच मिनिटांत विषय तिथेच येतो. मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा चौथा अल्बम, १९८८ चा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’. पासष्ट मिनिटांचा थ्रॅश (मेटलचा वेगवान प्रकार), नऊ गाणी, आणि बेस ऐकूच येत नाही. समोरच्याची अपेक्षा असते की मी आता ड्रमर लार्स उलरिकच्या नावाने बोटं मोडणार. मी मोडत नाही म्हटल्यावर तो जरा हिरमुसतोच. तर हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

आधी बेस वाजवलेलाच नाही, ही अफवा बाजूला ठेवू. वाजवलाय, आणि व्यवस्थित वाजवलाय. अल्बमचा सहनिर्माता फ्लेमिंग रासमुसेन वर्षानुवर्षं सांगत आलाय की बेसिस्ट जेसन न्यूस्टेडचे मूळ ट्रॅक उत्तम होते. मग ते गेले कुठे? याचं उत्तर बहुतेक लोक एका वाक्यात देतात: आधीचा बेसिस्ट क्लिफ बर्टन गेला, त्याचा राग नव्या पोरावर काढला. यात तथ्य आहे. पण एवढंच असतं तर अल्बम इतका चांगला झाला नसता, असं माझं मत आहे.

२७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बस उलटली आणि बर्टन गेला. काही आठवड्यांतच फ्लॉट्सम अँड जेट्सम या बँडचा न्यूस्टेड मेटालिकात आला. मित्राचं दुःख करायला कुणाला वेळच मिळाला नाही, लगेच दौरा. न्यूस्टेडची खोडी काढणं हा बाकीच्यांचा उद्योग झाला. जपानमध्ये त्याला वसाबीचा गोळा खायला लावल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. सगळे विशीतले, हॉस्टेलवर राहिलेल्या माणसाला हा प्रकार नवा नाही.

पण १९८७ चं बँडचंच ‘गॅरेज डेज’ ऐका. दुसऱ्यांची पाच गाणी, काही दिवसांत उरकलेली, आणि त्यात न्यूस्टेडचा बेस असा वाजतो की खिडकीची तावदानं थरथरतात. रॅगिंग तेव्हाही चालूच होतं. म्हणजे १९८८ मध्ये आणखी काहीतरी घडलं.

जानेवारी १९८८. लॉस एंजेलिसचा वन ऑन वन स्टुडिओ. सुरुवातीला निर्माता म्हणून आणला माइक क्लिंक, कारण त्याने गन्स एन रोझेसचा पहिला अल्बम केला होता आणि रासमुसेन लगेच मोकळा नव्हता. क्लिंकबरोबर जमेना. दोनएक गाण्यांचे ड्रम आणि दोन कव्हर (दुसऱ्यांची गाणी) एवढ्यावर तो गेला आणि डेन्मार्कहून रासमुसेनला बोलावून घेतलं. ‘राइड द लाइटनिंग’ आणि ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे बँडचे आधीचे दोन अल्बम त्यानेच केले होते. पुढे मे महिन्यापर्यंत काम चाललं.

काम कसं चाललं हे महत्त्वाचं आहे. चौघांनी एका खोलीत उभं राहून वाजवायचं, हा प्रकार नव्हताच. उलरिक आपले ड्रम तुकड्यातुकड्यांत वाजवायचा. तेव्हा संगणकावर कट-पेस्ट नव्हतं. टेप खरोखर ब्लेडने कापायची, हवा तो तुकडा घ्यायचा आणि चिकटपट्टीने जोडायचा. त्यावर गायक-गिटारिस्ट जेम्स हेटफिल्ड रिदम गिटारचे थर चढवणार, तेही एकसारखे, केसभर इकडे-तिकडे नाही. आणि न्यूस्टेड? त्यानेच सांगितलंय की तो स्टुडिओत गेला तेव्हा ना निर्माता हजर होता, ना बँडमधलं कुणी. सहाय्यक इंजिनिअर टोबी राइट आणि हा, दोघंच. एका दिवसात तीन-चार गाणी वाजवायची आणि घरी जायचं. ‘हे असं नको, तसं कर’ म्हणायला कुणी नाही. मग त्याने काय करावं? हेटफिल्ड जे वाजवतोय तेच, नोटेला नोट, पिकने.

इथे माझा स्वतःचा अनुभव कामी येतो. नव्वदच्या दशकात पुण्यात आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये ‘जस्टिस’मधलं ‘ब्लॅकन्ड’ बसवायचं ठरलं. माझ्याकडे होती मित्राच्या कॅसेटवरून नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवलेली प्रत. टेपरेकॉर्डरवर ट्रेबल पूर्ण खाली, बेस पूर्ण वर, कान स्पीकरच्या जाळीला चिकटवलेला. ऐकू काय येतं, तर किक ड्रमची टिकटिक आणि हेटफिल्डच्या उजव्या हाताचा धपधप. पुढे सीडी मिळाली, चांगले हेडफोन मिळाले, तरी तेच. शेवटी आमच्या गिटारवाल्याला समोर बसवून त्याचाच रिफ (गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा) मी बेसवर उतरवला. सगळं पिकने, वरून खाली. मात्रा मोजताना मध्येच एक घसरते, ती पकडेपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून यायचा आणि करंगळी आपोआप वाकडी व्हायची. खूप नंतर न्यूस्टेडचा सुटा केलेला ट्रॅक इंटरनेटवर ऐकला. तोही हेच वाजवत होता! न ऐकता बरोबर उतरवला म्हणून खूश व्हावं, की जे ऐकूच येत नाही ते गिटारमध्ये आधीच आहे हे समजून गप्प बसावं, कळेना.

आता थोडं भौतिकशास्त्र, फार नाही. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते, बेसची तिच्या निम्म्यावर, ४१ वर. पण बेसचा स्वर कानाला कळतो तो नुसत्या त्या ४१ मुळे नाही, त्याच्या वरच्या पटींमुळे. त्या वरच्या पटी राहतात गिटारच्याच मोहल्ल्यात. हेटफिल्डचा त्या काळचा आवाज म्हणजे मधला भाग कोरून काढलेला, खालचा आणि वरचा फुगवलेला. तळहात तारांवर दाबून वाजवलेला प्रत्येक ठोका बेसच्याच जागेवर येऊन बसतो. त्यात बेस तीच नोट त्याच क्षणी वाजवतोय. अशा वेळी मिक्समध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, बेस थोडा जरी खाली घेतला तरी तो कमी होत नाही, नाहीसा होतो. हेटफिल्डने स्वतः नंतर मान्य केलंय की गिटारनेच ती जागा खाल्ली. शिवाय दौऱ्यांनी सगळ्यांचे कान बधिर झाले होते, त्यामुळे वरचा आवाज चढवतच गेले.

आणि इथे तर थोडा खाली घेतला नव्हता. मिक्सिंग केलं स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो यांनी, न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिल स्टुडिओत. त्या उन्हाळ्यात बँड व्हॅन हेलन, स्कॉर्पियन्स वगैरे मंडळींबरोबर ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’च्या दौऱ्यावर होता. स्टेडियममध्ये वाजवायचं, मधल्या सुट्टीच्या दिवसात स्टुडिओ गाठायचा, ऐकायचं, सूचना द्यायच्या, परत पळायचं. रासमुसेन मिक्सिंगला नव्हता. थॉम्पसन सांगतो की ड्रम कसे वाजले पाहिजेत याची पूर्ण मांडणी उलरिक घेऊनच आला होता, आणि बेसबद्दल हुकूम असा: जेमतेम ऐकू येईल इतका खाली घ्या. घेतला. आता तिथून आणखी पाचेक डेसिबल खाली. थॉम्पसनला वाटलं गंमत करतोय. पुढे २००९ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा, थॉम्पसनच्याच म्हणण्यानुसार, उलरिकने त्याला विचारलं की ‘जस्टिस’मधल्या बेसचं काय झालं रे? धन्य आहे!

अल्बम ऑगस्ट १९८८ च्या शेवटाला इलेक्ट्राने बाजारात आणला. मुखपृष्ठावर दोरखंडांनी जखडलेली, डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता, तराजूच्या पारड्यांत डॉलर. दौऱ्यात या देवतेचा मोठा पुतळा स्टेजवर असायचा, लाडाचं नाव डोरिस, आणि कार्यक्रमाच्या शेवटी तो कोसळायचा. रेडिओवर जवळजवळ कुणी वाजवत नसताना अल्बम बिलबोर्डवर सहाव्या क्रमांकापर्यंत गेला. जानेवारी १९८९ मध्ये याच अल्बममधल्या ‘वन’चा व्हिडिओ आला, बँडचा आयुष्यातला पहिला. युद्धात हात, पाय, डोळे, कान सगळं गमावून नुसतं भान उरलेल्या सैनिकाची गोष्ट, मध्ये १९७१ च्या ‘जॉनी गॉट हिज गन’ सिनेमातली दृश्यं. महिन्याभरात ग्रॅमी समारंभात बँडने हेच गाणं वाजवलं, आणि हार्ड रॉक-मेटलचा पहिलावहिला पुरस्कार मिळाला जेथ्रो टलला. बासरीवाल्या बँडला! मेटालिकाने काय करावं, तर अल्बमवर ‘ग्रॅमी हरलेले’ अशा अर्थाचा स्टिकर लावला. हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो, म्हणून आवरतो.

मला खरा बोचतो तो ‘टू लिव्ह इज टू डाय’. बर्टनने मागे ठेवलेल्या रिफवर रचलेलं, त्याच्या आठवणीत केलेलं, पावणेदहा मिनिटांचं, जवळजवळ शब्दांवाचून गाणं. एका बेसिस्टला वाहिलेली श्रद्धांजली आणि तिच्यात बेस ऐकू येत नाही. हे कुणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. ठरवून केलं नसेल तर जास्तच वाईट.

मग मी तक्रार का करत नाही?

कारण हा अल्बम जसा वाजतो तसाच त्याचा विषय आहे. कोर्ट विकलं गेलंय, पृथ्वी जळून गेलीय, माणूस स्वतःच्या शरीरात कैद आहे, आणि शेवटच्या ‘डायर्स ईव्ह’मध्ये मुलगा आईबापांना जाब विचारतोय. यात ऊब कुठे आहे? बेसचं काम ऊब देणं, पायाखाली जमीन देणं. डग्गा काढून घेतलेला तबला कसा लागेल, नुसता चाटीचा कोरडा कडकडाट, तसा हा अल्बम लागतो, आणि मला तो तसाच हवा आहे. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ जास्त चांगला अल्बम आहे, वाद नाही. पण रात्री अकरानंतर हेडफोन लावून मला ऐकावासा वाटतो तो ‘जस्टिस’.

‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेमच्या मेटालिका आवृत्तीतून २००९ मध्ये काही गाण्यांचे सुटे ट्रॅक बाहेर आले. ते वापरून चाहत्यांनी बेस वर काढलेले मिक्स बनवले, नावही समर्पक: ‘अँड जस्टिस फॉर जेसन’. मोठ्या उत्साहाने ऐकले. बेस येतो, गाणी भरदार होतात, आणि नेहमीच्या चांगल्या थ्रॅशसारखी वाजायला लागतात. न्यूस्टेडवरचा अन्याय दूर झाल्याचं समाधान मिळतं, पण गाणी काही अंगावर येत नाहीत. २०१८ मध्ये अधिकृत रिमास्टर निघाला तेव्हा बँडने बेसला हात लावला नाही. हेटफिल्डचं म्हणणं असं की जे झालं तो इतिहास आहे, तो कशाला बदलायचा. यावरून चाहते खवळले होते. मला पटलं.

फक्त न्यूस्टेडच्या बाजूने एक सांगायलाच हवं. पुढच्या, १९९१ च्या काळ्या अल्बमच्या वेळी निर्माता बॉब रॉकने त्याला गिटारच्या मागे धावणं सोडून ड्रमबरोबर वाजवायला लावलं. फरक कुणालाही ऐकू येतो. म्हणजे पोरगा तयार होता. १९८८ मध्ये शेजारी बसून हे सांगणारं कुणी नव्हतं. हा माझा रासमुसेनवरचाही राग आहे. ट्रॅक उत्तम होते म्हणतो, पण ते वाजवले जात होते तेव्हा हा कुठे होता?

गाण्यांच्या लांबीबद्दल मात्र बँडलाच पस्तावा झाला. शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचं. दौऱ्यात वाजवताना पुढच्या रांगेतले लोक जांभया देताना दिसायचे, असं गिटारिस्ट कर्क हॅमेटने सांगितलंय. पुढची कितीतरी वर्षं ते गाणं त्यांनी बाजूला ठेवलं. ‘डायर्स ईव्ह’ पूर्ण वाजवायला २००४ उजाडलं, ‘द फ्रेड एंड्स ऑफ सॅनिटी’ला तर २०१४.

‘वन’ मात्र त्यांनी कधी सोडलं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये ते बंगळुरूला पॅलेस ग्राउंड्सवर आले, तेव्हा पुण्याहून आम्ही बसने गेलो होतो. दोन दिवस आधीचा गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द होऊन तिथे मोडतोड झाली होती, त्यामुळे गेटमधून आत शिरेपर्यंत खात्री नव्हती. ‘वन’मधला तो मशिनगनसारखा भाग आला आणि तोवर न्यूस्टेडच्या जागी आलेल्या रॉबर्ट ट्रुहियोचा बेस थेट बरगड्यांवर आदळला. शेजारचा मित्र, आमच्या बँडचा तोच गिटारवाला, कानात ओरडला, “बघ, हे असं वाजायला पाहिजे होतं!”

स्टेजवर, हो. तिथे मलाही बेस हवाच. ज्यांना न्यूस्टेडचा हवा आहे त्यांनी ‘जस्टिस’च्या दौऱ्यातलं ऑगस्ट १९८९ चं सिएटलचं चित्रीकरण शोधावं, ते १९९३ च्या ‘लाइव्ह शिट’ संचात आलं होतं. सुरुवातीलाच ‘ब्लॅकन्ड’ आहे, मूळच्यापेक्षा वेगात. त्या गाण्यावर लेखक म्हणून त्याचंही नाव आहे, या अल्बमवरचं एकमेव. केसांचा भोवरा करून डोकं फिरवत तो वाजवतो, मध्येच माइकवर जाऊन ओरडतो, आणि बेस खणखणीत ऐकू येतो. तिथला त्याचा उजवा हात बघा. सगळं वरून खाली.