रेवसच्या धक्क्यावरचे पावणेदोन तास

गेल्या जानेवारीत आम्ही चौघे मित्र भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला आणि तेथून एसटीने अलिबागला जाऊन एका दिवसात परतलो. माणशी खर्च पाचशे रुपयांच्या आत राहिला याचा मला अभिमान आहे. मात्र परतीच्या लाँचची वाट पाहत काढलेले पावणेदोन तास आठवले की तो बराच ओसरतो.

जाताना काहीच अडले नाही. ओहोटी लागल्यावर कुलाबा किल्ल्यात पायी गेलो आणि राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेले गणेश मंदिर निवांत पाहिले. ज्या ओहोटीने किल्ल्याची वाट मोकळी केली, तीच रेवसला आमची वाट अडवणार आहे, हे चौघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

सव्वाचारला रेवसला पोहोचलो, तेव्हा धक्क्याखाली नुसता चिखल उघडा पडला होता. बंदरात गाळ साचल्यामुळे पाणी चढल्याशिवाय लाँच लागत नाही, हे तेथे टोपली घेऊन बसलेल्या मावशींकडून कळले. ‘आज बारस ना? मग पाणी उशिराच,’ असे त्या सहज म्हणाल्या आणि आम्ही मोबाइलवर हवामान पाहत बसलो. एक मित्र पेण-पनवेलमार्गे एसटीने परतण्याचा आग्रह धरत होता. मी हट्टाने नकार दिला आणि मग दर पाच मिनिटांनी धक्क्याची पायरी किती भिजली ते पाहून येऊ लागलो. अंधार पडण्यापूर्वी लाँच येईल का, हे कोणीच छातीठोकपणे सांगत नव्हते.

हिशेब खरे तर सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते: द्वादशीला नऊ, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे तीन-सव्वातीनला, पूर्ण ओहोटी. सप्तमी-अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते आणि संध्याकाळी रेवसला पाणी असते. त्या दिवसांत भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, असल्यामुळे पाणी फारसे हटत नाही, तेव्हा किल्ल्यात पायी जाता येईल का, हे किनाऱ्यावर विचारूनच पुढे व्हावे. आणि हो, डॉकयार्ड रोड स्थानकावरून भाऊचा धक्का चालत गाठता येतो. टॅक्सीचे पैसे वाचतात.

सहा वाजता लाँच लागली. मित्राने मात्र पनवेलच्या एसटीचा विषय डॉकयार्ड रोडची गाडी येईपर्यंत सोडला नाही.