घरी बांधलेला संच आणि परीक्षेतला मोर्स

२००३ साली जागतिक रेडिओ परिषदेने ३० मेगाहर्ट्‌झखालील हौशी रेडिओसाठी, म्हणजे छंद म्हणून चालणाऱ्या बिनतारी संपर्कासाठी, मोर्सची (टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची) सक्ती उठवून तो निर्णय ज्या त्या देशावर सोपवला, तेव्हापासून ‘दर्जा घसरला’ ही तक्रार आमच्या लातूर-नांदेडकडच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींतही ऐकू येते. आपल्याकडे परवान्याच्या जनरल श्रेणीला मोर्सची परीक्षा आहे, रिस्ट्रिक्टेड श्रेणीला नाही. मला स्वतःला मोर्सपेक्षा रेडिओ संच हाताने बांधण्याची सवय मोडल्याचे अधिक वाईट वाटते, कारण ज्याने एकदाही ऑसिलेटर (ठरावीक वारंवारतेची लहर निर्माण करणारे मंडल) जुळवलेला नाही, त्याला तापमानाबरोबर वारंवारता का सरकते हे नुसते वाचून उमगत नाही.

हैदराबादच्या अशहर फरहान यांचा घरी बांधता येणारा बिटएक्स रेडिओ संच याच कारणासाठी मला मोलाचा वाटतो. महागडे टोरॉइड (तारेचे वेटोळे गुंडाळण्याच्या चुंबकीय कड्या) मिळत नाहीत, तर नळाचे वॉशर घेऊन त्यांवर तार गुंडाळावी, असा त्यामागचा रोखठोक विचार होता. आणि तशी इनॅमलची तांब्याची तार आमच्याकडे, विहिरींवरच्या मोटारी सतत जळत असल्याने, रिवाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात मिळते. चाळीस मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यासाठीच्या डायपोलला, म्हणजे तारेच्या साध्या अँटेनाला, सुमारे वीस मीटर तार लागते, आणि मोकळ्या शिवारात तिला जागा शोधावी लागत नाही.

२०१७ साली आलेल्या एफटी८ या संगणकी संदेशपद्धतीत संगणकच क्षीण संदेश उलगडतो, म्हणून जुने जाणते तिला नावे ठेवतात. मला ते पटत नाही. तिथेही घड्याळ अचूक ठेवणे आणि ध्वनीची पातळी बेताची राखणे शिकावेच लागते.