उन्हाळी डेटा सायन्स कोर्स: मॉडेलच्या आधी मोजणी

एरवी चौदा-पंधरा आठवड्यांत शिकवतात तेच उन्हाळी कोर्समध्ये साधारण सहा आठवड्यांत कोंबलेलं असतं. म्हणजे इथे एक आठवडा मागे पडलात की नेहमीच्या सत्रातले अडीच आठवडे गेले. म्हणून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतले लूप, फंक्शन, लिस्ट आणि डिक्शनरी पहिल्या तासाच्या आधीच हाताला बसलेल्या हव्यात. क्लास आणि इनहेरिटन्सच्या मागे लागू नका, त्यांची गरज क्वचित पडते. संख्याशास्त्रातलं सरासरी, मध्यक आणि प्रमाण विचलन आलं की बरंचसं भागतं, पण सशर्त संभाव्यता मात्र पक्की करा. खोकणाऱ्यांपैकी किती जणांना क्षय आहे आणि क्षय असलेल्यांपैकी किती जण खोकतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चौथ्या आठवड्यात प्रिसिजन (मॉडेलने 'हो' म्हटलेल्यांपैकी खरे किती) आणि रिकॉल (खऱ्यांपैकी मॉडेलला सापडले किती) येतात तेव्हा निम्मा वर्ग इथेच अडखळतो.

पहिला दिवस इन्स्टॉलेशनमध्ये जातो. मशीनवर दोन पायथॉन असतात. पॅकेज (तयार कोडचा संच) एकात बसतं, नोटबुक (सेल नावाच्या तुकड्यांत कोड चालवायची फाइल) दुसऱ्यावर चालतं आणि 'मॉड्यूल सापडलं नाही' अशी तक्रार येते. यावर सोपा मार्ग म्हणजे कोर्ससाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथॉनची स्वतंत्र मांडणी, करायचं आणि पॅकेज बसवणारी 'पिप इन्स्टॉल' ही आज्ञा नोटबुकच्याच सेलमधून, तिच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह लावून चालवायची. मग पॅकेज त्याच कर्नलमध्ये, म्हणजे नोटबुक ज्या पायथॉनवर चालतं त्यातच, बसतं.

नोटबुकची खोड वेगळीच. सेल पुसली तरी तिच्यात तयार झालेलं व्हेरिएबल मेमरीत तसंच राहतं. तुमच्याकडे सगळं सुरळीत चालतं, पण तपासणाऱ्याकडे तिसऱ्याच सेलला एरर येते. सेलच्या डावीकडचे आकडे १, २, ३ असे ओळीने नसून ७, ३, १९ असे दिसत असतील, तर ते नोटबुक अजून जमा करण्याजोगं नाही. रोज काम संपवून उठण्यापूर्वी एकदा 'रिस्टार्ट अँड रन ऑल' दाबा.

आता मुख्य गोष्ट. या कोर्समधले मार्क मॉडेलपाशी जात नाहीत, त्याआधीच्या मोजणीत जातात. उदाहरणाला टायटॅनिकचा डेटा घेऊ, कारण तो बहुतेकांच्या हाताखालून जातो. कोण वाचलं याचं भाकीत करायचं असतं. सीबॉर्न या पायथॉनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीसोबत येणाऱ्या आवृत्तीत ८९१ प्रवासी आहेत. त्यांतले ३४२ वाचले, ५४९ बुडाले. म्हणजे डोळे मिटून 'सगळे बुडाले' म्हटलं तरी अचूकता ६१.६ टक्के. आता लिंगानुसार मोजा: ३१४ स्त्रियांपैकी २३३ वाचल्या, ५७७ पुरुषांपैकी १०९. 'बाई असेल तर वाचली, पुरुष असेल तर बुडाला' हा एका ओळीचा नियम ७०१ जणांबाबत बरोबर ठरतो, म्हणजे ७८.७ टक्के. यानंतर कुणी दोनशे झाडांचं रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवर चालणारं मॉडेल) लावून ८१ टक्के दाखवले, तर फॉरेस्टची खरी कमाई जेमतेम सव्वादोन टक्के. रिपोर्टमध्ये नुसते ८१ लिहिणं आणि शेजारी ७८.७ लिहिणं यात मला फार अंतर दिसतं.

ती सव्वादोन टक्के कमाई तरी खरी आहे का? २० टक्के डेटा टेस्टसाठी बाजूला ठेवला तर १७९ प्रवासी येतात. एक प्रवासी म्हणजे ०.५६ टक्के, आणि दोन मॉडेलांमधला दोन टक्क्यांचा फरक म्हणजे तीन-चार माणसं. ८० टक्क्यांच्या आसपास, १७९ जणांवर मोजलेल्या अचूकतेत सुमारे सहा टक्के इकडेतिकडे होणं निव्वळ योगायोगाने घडतं. रँडम स्टेट (डेटा कसा विभागला जाईल ते ठरवणारा आकडा) ४२ ऐवजी ७ ठेवून पाहा, क्रमवारी उलटीही होईल. म्हणून पाच भागांचं क्रॉस व्हॅलिडेशन करा, म्हणजे प्रत्येक भाग आळीपाळीने टेस्टसाठी ठेवा, आणि पाचही आकडे लिहा, फक्त त्यांची सरासरी नको.

उलट कुणाला थेट १०० टक्के मिळतात. त्यात आनंद मानण्यासारखं काही नाही. याच फाइलमध्ये 'अलाइव्ह' नावाचा कॉलम आहे. 'सर्व्हाइव्ह्ड'मध्ये ० आणि १ आहेत, इथे तेच हो-नाही अशा शब्दांत. तो काढायचा राहिला की उत्तरपत्रिकाच मॉडेलच्या हातात. प्रत्येक कॉलमला विचारायचा प्रश्न एकच: भाकीत करायच्या क्षणी ही माहिती हातात असेल का?

हरवलेल्या किमती याहून शांतपणे दगा देतात. वय १७७ जणांचं नाही, डेकची (जहाजाच्या मजल्याची) नोंद तर ६८८ जणांची नाही. डेकनुसार ग्रुपबाय केलंत, म्हणजे गट पाडलेत, की पांडाज (तक्ते हाताळणारी पायथॉनची लायब्ररी) रिकाम्या ओळी काही न बोलता गाळतं. उरतात २०३ जण, त्यांपैकी १३६ वाचलेले, म्हणजे ६७ टक्के. सगळ्या ८९१ जणांत हे प्रमाण ३८.४ टक्के आहे. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांचीच डेकची नोंद जास्त उरली, म्हणून हा फुगवटा. ग्रुपबायला 'ड्रॉप-एनए फॉल्स' द्या आणि गटांची बेरीज एकूण ओळींशी जुळते का ते दर वेळी पाहा. रिकाम्या किमती बरोबरीच्या चिन्हाने शोधायला जाऊ नका, नॅन (रिकाम्या जागेची खूण) स्वतःशीही बरोबर नसतो. त्यासाठी 'इझ-एनए' आहे.

वयाच्या रिकाम्या जागी मध्यक, म्हणजे २८, भरण्याची पद्धत सगळे वापरतात. मग आलेखात २८ वर अचानक मनोरा उभा राहतो आणि विचलन खोटंच कमी होतं. भरायचंच असेल तर 'वय भरलेलं आहे' असा वेगळा कॉलम ठेवा आणि मध्यक फक्त ट्रेनिंगच्या, म्हणजे मॉडेल ज्यावर शिकतं त्या, भागावर काढा. स्केलिंगचंही (सगळे कॉलम एका मापात आणण्याचंही) तसंच: आधी विभागणी, मग स्केलिंग. सायकिट-लर्न या मॉडेलांच्या लायब्ररीतली पाइपलाइन (हे टप्पे ओळीने जोडणारी सोय) वापरली की ही चूक सहसा होतच नाही, त्यामुळे ती 'नंतर शिकू' म्हणून ढकलू नये.

प्रोजेक्टसाठी विषय निवडताना डेटा त्याच दिवशी हातात आहे का, एवढंच आधी पाहा. वेबसाइटवरून माहिती खरवडण्यात प्रोजेक्टच्या दोन आठवड्यांतला एक सहज जातो. दोन फाइली जोडायच्या असतील तर मर्जच्या आधी आणि नंतर ओळी मोजा. एकच 'की' (फाइली जोडताना जुळवायची किंमत) डावीकडे तीनदा आणि उजवीकडे चारदा असेल, तर तिच्या बारा ओळी होतात आणि त्यानंतरची प्रत्येक बेरीज फुगते. मर्जला 'व्हॅलिडेट' देऊन 'वन टू वन' किंवा 'मेनी टू वन' सांगितलं, की अपेक्षा मोडताच ते थांबतं. तारखांचा फॉरमॅटही स्वतः लिहून द्या. नाहीतर ०३/०४ ही तीन एप्रिल न राहता चार मार्च होते, आणि एररही येत नाही. शून्याने सुरू होणारे कोड वाचताना डीटाइप (कॉलमचा प्रकार) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, ठेवा, नाहीतर ००७१ चा ७१ होतो आणि मर्जमध्ये जोडी जुळत नाही.

सादरीकरणाच्या दहा मिनिटांत अल्गोरिदमची व्याख्या वाचून दाखवू नका, परीक्षकाला ती येते. मॉडेल चुकलं अशा दहा-बारा ओळी काढून पडद्यावर ठेवा आणि त्यांत काय सारखं आहे ते सांगा. टायटॅनिकमध्ये चुकांच्या त्या यादीत तिसऱ्या वर्गातल्या, मॉडेलने 'वाचली' म्हटलेल्या पण प्रत्यक्षात बुडालेल्या बायका हमखास सापडतात.