लानायरूचा माग, भाग 7: आरशातला नकाशा

मंडळी, ‘झेल्डा’ या व्हिडिओ गेममालिकेतल्या हायरूल राज्याचे नकाशे एकमेकांवर ठेवून लानायरू हा प्रदेश खेळागणिक कुठे जातो ते आपण शोधतोय. त्यात भाग 6 मध्ये दिलेला ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ या खेळाच्या नकाशाचा थर कुणी वापरत असाल तर आधी काढून टाका. तो उलटा आहे, पूर्वेचं पश्चिमेला गेलंय. तीन आठवडे त्यापायी गेले, पण शेवटी जे हाती लागलं त्यानं सगळा शीण गेला.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चा नकाशा आणि वर ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’चा, ही मांडणी तुम्हाला माहीत आहेच. कंट्रोल पॉइंट, म्हणजे दोन्ही नकाशांत असलेल्या आणि एकमेकांवर बसवायच्या जागा, सहा: हायरूलचा किल्ला, काकारिको, डेथ माउंटन, लेक हायलिया, झोरा डोमेन आणि गेरुडो वाळवंट. हेल्मर्ट हे नकाशा बसवायचं गणित लावलं की किल्ला जागेवर बसायचा आणि काकारिको पार दुसऱ्या टोकाला जायचं. काकारिको ओढून आणलं की वाळवंट निसटायचं. सगळे पॉइंट दोनदा नव्यानं टिपले. मोठं करून, अगदी किल्ल्याच्या मधोमध. रेसिड्युअल, म्हणजे पॉइंट जुळवल्यावर उरलेला फरक, काही हलेनात. दोन खेळांतल्या हायरूलचा एकमेकांशी काही संबंधच नाही की काय, अशी धास्ती वाटायला लागली होती.

मंगळवारी रात्री उकाड्यानं झोप येईना, म्हणून हेल्मर्ट सोडून पॉलिनॉमियल 1 हे दुसरं गणित लावून बघितलं. रेसिड्युअल एकदम खाली आले. थर उघडला तर नकाशावरची सगळी नावं आरशात धरल्यासारखी! ‘लेक हायलिया’ उजवीकडून डावीकडे लिहिलेलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हेल्मर्ट नकाशा सरकवतो, फिरवतो, लहानमोठा करतो, पण पालथा घालत नाही. पॉलिनॉमियल 1 ला ती मुभा असते, त्यानं गुपचूप नकाशा पालथा घालून पॉइंट जुळवले.

लगेच ज्या रेकॉर्डिंगमधून नकाशा घेतला होता ते उघडलं आणि खेळाचा नायक लिंक, त्याच्या हाताकडे बघितलं. तलवार उजव्या हातात. निन्टेंडोच्या गेमक्यूब या यंत्रावरचा लिंक डावखुरा आहे. 2006 मध्ये वी या त्यांच्या पुढच्या यंत्रावर खेळ आला तेव्हा बहुतेक लोक रिमोट उजव्या हातात धरणार म्हणून अख्खं जग आरशासारखं फिरवलं गेलं. 2016 च्या एचडी आवृत्तीत साध्या मोडला गेमक्यूबची बाजू आहे आणि हीरो या कठीण मोडला पुन्हा आरसा. तेव्हा यापुढे कुठलाही नकाशा घेताना आधी तलवारीचा हात बघा. भुसावळच्या आपल्या मित्राला रात्री साडेबाराला फोन केला, तो म्हणाला, “भो, मग गेरुडो पश्चिमेलाच ना?” हो, पश्चिमेलाच. 1998 च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’ या खेळात आहे तसंच.

आता खरी गंमत. नकाशा सुलटा करून पुन्हा हेल्मर्ट लावलं. चार पॉइंट छान बसले, दोन मात्र अजून लांब राहिले: लेक हायलिया आणि झोरा डोमेन. आणि ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये हे दोन्ही लानायरू प्रांतातच येतात! म्हणजे सरकलंय ते लानायरूचं पाणी.

‘स्कायवर्ड स्वोर्ड’मध्ये (2011, पण कथेत सर्वांत आधी) लानायरू हे पश्चिमेकडचं वाळवंट. तिथल्या सँड सीवर, म्हणजे वाळूच्या समुद्रावर, बोटीच्या नाकाला टाइमशिफ्ट दगड असतो, आसपासचा काळ मागे नेणारा. बोट पुढे सरकते तसं तिच्याभोवतीच्या वर्तुळातल्या वाळूचं पाणी होतं आणि मागे पुन्हा वाळू. मे महिन्यात गिरणेचं कोरडं पात्र बघत वाढलेल्या माणसाला ते दृश्य विसरता येत नाही. 2017 च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये आलो तर लानायरू थेट पूर्वेला, झोरा या पाण्यातल्या लोकांचा ओला मुलूख आणि बर्फाचा माउंट लानायरू. पश्चिमेच्या वाळूचं नाव गेरुडो.

एवढे दिवस मी जागांच्या तक्त्यात ‘लानायरू’ ही एकच ओळ ठेवली होती, तिथेच चुकलं. हे लिहिता लिहिता आजीची आठवण झाली. ती शेवटपर्यंत “एदलाबादले जायचं” म्हणायची आणि एसटीच्या पाटीवर मुक्ताईनगर असायचं. गाव जागेवरच, नाव मुक्ताईचं आलं. लानायरूतही नायरू देवीचं नाव आहे, बुद्धीची देवी. आणि माउंट लानायरूच्या माथ्यावर काय आहे? बुद्धीचा झरा, स्प्रिंग ऑफ विस्डम. माझा अंदाज असा: नाव जागेला चिकटलेलं नाही, नायरूला आणि तिच्या पाण्याला चिकटलंय. जुनी जागा मागे वाळू होऊन राहिली आणि तिला दुसरं नाव मिळालं. वाळवंट तेच, हे कुठल्याही खेळात सरळ सांगितलेलं नाही, म्हणून तक्त्यात ते पेन्सिलीनं लिहिलंय.

त्यामुळे बेत बदललाय. भाग 8 मध्ये ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ घेणार होतो, ते थांबवतो. आधी तक्त्याचे दोन धागे करतो, एक जागेचा, एक नावाचा. मग याच पद्धतीनं एल्डिन, कारण त्या नावात दिन ही शक्तीची देवी आहे आणि ‘स्कायवर्ड स्वोर्ड’चा एल्डिन ज्वालामुखी पुढचा डेथ माउंटन ठरतो का हे बघायचंय. खरं तर फॅरन हा प्रदेशही त्यातच उरकता येईल, त्याच्या नावात धैर्याची देवी फरोरे आहेच.

छपाईबद्दल एक. मागच्या वेळी ट्रेसिंग पेपरवर ए3 काढून घेतले ते दुकानात ‘फिट टू पेज’ करून छापले, सगळं प्रमाण बिघडलं. ट्रेसिंगला मात्र पर्याय नाही, काचेवर धरून दोन नकाशे बघण्यात जे दिसतं ते स्क्रीनवर दिसत नाही. सुलटा नकाशा आज पुन्हा टाकतोय, कोपऱ्यात 10 सेंटीमीटरची रेघ मारून. पट्टी खिशात घेऊनच जाणार आहे.