आमची वाटचाल : पेटंटचा दावा आणि वजनकाट्यावरचा स्विच

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या गाळ्यात सुरू झालेला आमचा उद्योग पुढे शिरोली एमआयडीसीत आला आणि साखर कारखान्यांना व फौंड्रींना पीओई स्विच (डेटाच्या केबलमधूनच कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांना वीज देणारी नेटवर्कची पेटी) पुरवू लागला, एवढे पूर्ववृत्त पुरे आहे. स्विचमधला पहिला सर्किट बोर्ड माझ्या भागीदारांनी आखला होता. धूळ आणि विजेचे झटके सोसणारा तसा बोर्ड आजही कोणी आखत नाही, असे माझे मत आहे.

पुढे एका मोठ्या प्रतिस्पर्धी कंपनीची नोटीस आली. बंद पडून अडकलेल्या कॅमेऱ्याच्या पोर्टचा (स्विचवरच्या जोडणीचा) वीजपुरवठा आपोआप तोडून पुन्हा जोडण्याची पद्धत आपल्या पेटंटमध्ये असून आम्ही ती उचलली, असा तिचा आरोप होता. वास्तविक डेटाच्या केबलमधून वीज देण्याचे ८०२.३एएफ हे मानक २००३ सालचे, आणि पोर्ट चालू-बंद करण्याची सोय नियंत्रक चिपमध्ये असतेच.

जिव्हारी लागली ती आमच्या ग्राहकांना गेलेली पत्रे. ऑर्डरी थांबल्या, बिले अडकली आणि बँकेने कॅश क्रेडिटची मर्यादा कमी करण्याची भाषा सुरू केली. निराधार धमक्यांविरुद्ध पेटंट कायद्याच्या कलम १०६ खाली दाद मागता येते. पण पेटंट अस्तित्वात आहे एवढे कळवणे ही धमकी ठरत नाही, आणि पत्रांचा मसुदा नेमका तेवढ्यापुरताच बेतलेला होता.

कंपनीचा दावा कोर्टात दाखल झाल्यावर आम्ही कलम ६४ खाली पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केला. तसे केले की कलम १०४ प्रमाणे प्रकरण जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयात जाते. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाले. त्याआधी आमच्या नशिबी प्रत्येक तारखेला मुंबईची महालक्ष्मी एक्सप्रेस होती.

खरी मदत केली ती आमच्या पहिल्या ग्राहकाने. एका सहकारी साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागातल्या साहेबांनी उसाच्या वजनकाट्यावरचा आमचा जुना स्विच उतरवून दिला. झाकण काढले तेव्हा आत बगॅसची (उसाच्या चोथ्याची) भुकटी थरांनी साचली होती. ब्रशने ती झाडल्यावर बोर्डावर आरजे-४५ जॅकशेजारी (नेटवर्कची केबल खोचण्याच्या जागेशेजारी) छापलेला महिना आणि वर्ष स्पष्ट दिसले, आणि ते पेटंटच्या अग्रक्रम तारखेच्या (ज्या तारखेपासून शोधाचा नवेपणा मोजतात तिच्या) आधीचे होते. गेट रजिस्टरमधली नोंद आणि आमचे चलन त्याच्याशी जुळले. म्हणून नव्या उद्योजकांना सांगतो : कर खात्याची मुदत संपली म्हणून चलने रद्दीत घालू नका, बोर्डावर तारीख छापा, आणि नोटीस आल्यास पेटंटच्या शीर्षकाला न घाबरता त्यातले दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितला आहे ते, आणि अग्रक्रम तारीख आधी वाचा.

हा पुरावा दाखल झाल्यानंतर कंपनीने तडजोडीची तयारी दाखवली. दोन्ही दावे मागे घेतले गेले आणि खर्च ज्याचा त्याने सोसला. ग्राहकांना मात्र दुसरे पत्र कोणी पाठवले नाही, आणि त्यातल्या एका फौंड्रीत आजही त्याच कंपनीचे स्विच लागतात.