तांबीचे निधन आणि सोसायटीचा फळा

घरातले जनावर गेल्यावर चार भिंतींच्या आत रडले तर त्याला कोणाची हरकत नसते. दार उघडून रडले, चारचौघांना बातमी सांगितली, फोटोला हार घातला की मात्र लोक त्या दुःखाचे मोजमाप करू लागतात. ते किती असावे, किती दिवस असावे, कोणाला दिसावे आणि मुळात असावे तरी का, यावर ज्याला त्याला मत असते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमची तांबी गेली, तेव्हापासून हे मोजमाप मी जवळून पाहिले आहे आणि त्याविषयी मला जे वाटते ते काही हातचे न राखता लिहायचे आहे.

तांबी कोणत्याही नावाजलेल्या जातीची कुत्री नव्हती. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली भर पावसात कुडकुडत बसलेले ते तांबूस रंगाचे गावठी पिल्लू मी नौपाड्यातल्या आमच्या घरी आणले, तेव्हा आई म्हणाली होती, "दोन दिवस ठेव, मग कोणाला तरी देऊन टाक." पुढे तेरा वर्षे ती आईच्याच पलंगाखाली झोपली. सकाळी राम मारुती रोडवरून तलावपाळीपर्यंत आणि परत, हा तिचा ठरलेला फेरा होता. वाटेतली भाजीवाली मावशी तिच्यासाठी गाजराचे एक टोक बाजूला काढून ठेवत असे. शाळेची बस येईपर्यंत इमारतीतली मुले तिच्याभोवती बसलेली असत, आणि रात्रपाळीचे वॉचमनकाका पहाटे एकटे चहा पीत नसत, कारण त्यांच्या बिस्किटाचा अर्धा भाग तांबीचा असे.

शेवटच्या वर्षी तिची मूत्रपिंडे निकामी होत गेली. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हा आजार फार फसवा असतो. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा एक टाकाऊ घटक, वाढलेले दिसते, तोवर मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता आधीच गेलेली असते, असे डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले. मग घरीच तिच्या खांद्यांमधल्या कातडीखाली सलाईन द्यायचे आम्ही शिकलो. मी सुई धरायची, आईने तिचे डोके मांडीवर घ्यायचे आणि बाटली उंच धरायला कोणी ना कोणी शेजारी यायचे. आजारपण असे सगळ्या मजल्यांना ठाऊक होते, आणि म्हणूनच ती गेल्याची बातमीही सगळ्यांना कळवायला हवी, असे मला अगदी स्वाभाविकपणे वाटले.

आमच्या सोसायटीत जिन्याजवळ एक काळा फळा आहे. पाणी कधी येणार नाही, लिफ्टची दुरुस्ती कधी आहे, हे त्यावर लिहिले जाते आणि कोणी गेले की त्यावरच "कळविण्यास अत्यंत दुःख होते की" अशी ओळ येते. तांबी पहाटे गेली. सकाळी मी खाली जाऊन खडूने लिहिले की आमची तांबी आज पहाटे शांतपणे गेली, ज्यांना तिला शेवटचे पाहायचे असेल त्यांनी दहाच्या आत घरी यावे. दहाच्या आत बरीच माणसे आली. मुले आली, वॉचमनकाका पाळी संपवून थांबले, मावशी हातगाडी सोडून वर आली आणि तिने तांबीच्या पायांशी झेंडूची दोन फुले ठेवली. अंत्यसंस्कार आटोपून आम्ही दुपारी परतलो, तेव्हा फळा ओल्या फडक्याने पुसलेला होता. कोणी पुसला हे मी विचारले नाही. संध्याकाळी कार्यकारिणीतले एक गृहस्थ भेटले आणि सौम्य आवाजात म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण तो फळा माणसांसाठी आहे. उद्या कोणी मासा मेला म्हणून लिहील."

त्यानंतरच्या आठवड्यात याच सुराची बरीच वाक्ये कानावर आली. "मूलबाळ नाही, म्हणून जीव लावला असेल" हे माझ्या पाठीमागे बोलले गेले. "दुसरे आणा, मन रमेल" हे समोर बोलले गेले, आणि ते बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हेही मी जाणते. ऑफिसात एकाने विचारले की स्वतःचे वडील गेले तेव्हाही इतके रडला होतात का. या प्रश्नामागे एक हिशेब आहे: माणसाजवळ दुःख ठरावीक असते, त्यातले कुत्र्याला दिले तर आप्तांच्या वाट्याला कमी येते. माझा अनुभव याच्या उलट आहे. वडील गेले त्या वर्षी, त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी रोज संध्याकाळी जाऊन बसणारी घरात एकटी तांबीच होती. ती गेल्यावर वडिलांची आठवण मला नव्याने आणि अधिक तीव्रतेने आली. ही दोन दुःखे माझ्या मनात एकमेकांना लागून आहेत. त्यांतले एक खरे आणि दुसरे उसने, अशी विभागणी मला करता येत नाही.

सगळ्यात जास्त लागला तो "देखावा" हा आरोप. दुःख खरे असेल तर ते मुके असते, गाजावाजा करणाऱ्याचे ते वरवरचे, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. पण आपल्या घरांत माणसाच्या मृत्यूचे दुःख कधी मुके असते? कोणी गेले की त्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठले-भात येतो. दहा दिवस माणसे भेटायला येतात, तीच तीच हकिगत पुन्हा पुन्हा विचारतात, आणि ती सांगता सांगता घरच्यांना जे झाले ते हळूहळू खरे वाटू लागते. दहावा, तेरावा, महिन्याचे, वर्षाचे, असे टप्पे आधीच आखलेले असतात. शोक चारचौघांत करायचा असतो हे आपल्या पूर्वजांना नीट कळले होते, म्हणूनच त्यांनी एवढी व्यवस्था उभी केली. जनावर गेले की या व्यवस्थेतले काहीही आपोआप चालू होत नाही. कोणाला सुतक नाही, कोणी डबा आणत नाही, रजेच्या अर्जात लिहायला कारण नाही. अशा वेळी जो स्वतःच फळ्यावर लिहितो किंवा फोनच्या स्टेटसला फोटो लावतो, तो एवढेच सांगत असतो की आमच्याकडे असे झाले आहे, विचारपूस करा. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये याच प्रकारच्या शोकाविषयी लिहिले. ज्याची समाज उघड दखल घेत नाही, ज्यासाठी चारचौघांत रडता येत नाही आणि ज्याला कोणाचा आधार मिळत नाही, असा तो शोक. त्याच्या मांडणीत पाळीव प्राण्यांच्या मृत्यूचे दुःखही येते.

हे खूळ नव्या शहरी पिढीचे आहे, असेही मला ऐकवले गेले. ते खरे नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, जिथे कृष्णा आणि वेण्णा मिळतात आणि जिथे 1749 मध्ये निधन पावलेल्या छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे, तिथेच त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, अशी कथा सांगतात. कथा जशी असेल तशी असो. मराठ्यांच्या छत्रपतींनी आपल्या कुत्र्याचे स्मारक नदीकाठी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर केले, ही गोष्ट दगडात उभी आहे. त्याच्याही खूप आधी, राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळात, आजच्या कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे एक शिलालेख कोरला गेला. त्याचा काळ इ. स. 949-50 असा आहे. काळी नावाची शिकारी कुत्री रानडुकराशी झुंजून मेली, म्हणून तिच्या नावाने तो दगड देवळासमोर उभारला गेला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन दिली गेली. एका कुत्रीच्या मृत्यूची वार्ता हजार वर्षांहून अधिक काळ टिकावी म्हणून राजाच्या दरबारी माणसांनी पाथरवट बसवला, आणि आमचा खडू दुपारपर्यंतही टिकू शकला नाही, हे मला खरोखर दुःखद वाटते.

आणखी एक गोष्ट मला सतत जाणवते. जनावराने माणसासाठी केलेला शोक आपल्याला फार आवडतो. 10 ऑक्टोबर 2024 रोजी रतन टाटा यांचे पार्थिव मुंबईत नरिमन पॉइंटला अंत्यदर्शनासाठी ठेवले होते, तेव्हा त्यांच्या 'गोवा' या कुत्र्यालाही तिथे आणले गेले. त्याचा फोटो त्या दिवशी आमच्या इमारतीतल्या जवळपास प्रत्येक घरात पाहिला गेला आणि अनेकांचे डोळे पाणावले. ज्यांनी मला फळा माणसांसाठी असल्याचे सांगितले, त्यांनीही तो फोटो पुढे पाठवला होता. मालकाच्या शवपेटीपाशी आलेल्या कुत्र्यात आपल्याला निष्ठा दिसते. कुत्र्याच्या कलेवराशी बसलेल्या माणसात मात्र आपल्याला रिकामपण, एकटेपण किंवा डोक्यावर झालेला परिणाम दिसतो. नाते तेच, तेरा वर्षांचा सहवास तोच. मग एका बाजूने वाहणारे प्रेम थोर आणि दुसऱ्या बाजूने वाहणारे हास्यास्पद कसे होते? धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला, ही कथा आपण मुलांना अभिमानाने सांगतो. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायांशी चार कुत्री असतात आणि पितृपक्षात पहिले पान वाढताना कुत्र्याचा घास वेगळा काढतात. इतका शेजार असलेल्या जिवासाठी रडण्याला आपल्या संस्कृतीत जागाच नाही, असे कोणी म्हटले तर मला ते पटत नाही.

ऑगस्ट 2025 पासून या साऱ्याला एक वेगळी धार आली आहे. दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्टला एक आदेश दिला आणि 22 ऑगस्टला त्यात बदल केला. त्यानंतर ठाण्यातल्या आमच्या गच्चीवरही दोन तट पडले. श्वानप्रेमी हा शब्द काही जण शिवीसारखा वापरू लागले. ज्यांच्या मुलाला कुत्रा चावला आहे त्यांचा राग मी समजू शकते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि त्या भीतीपुढे कोणी कोणाला उपदेश करू नये. लसीकरण आणि नसबंदी यांत महापालिकांनी कसूर करता कामा नये, हे माझेही मत आहे. परंतु तांबीच्या मृत्यूचे दुःख ही त्या वादातली बाजू नव्हती. तिला दरवर्षी लस दिली जात होती, ती कोणाला चावली नव्हती. आणि समजा चावली असती, तरी आईचा पलंग त्या सकाळी तेवढाच रिकामा झाला असता.

अंत्यसंस्काराची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती अनेकांना ठाऊक नसते. मुंबई महापालिकेने 2023 मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली; खासगी सोयीही आहेत आणि आमच्या डॉक्टरांनी अशाच एका ठिकाणी आम्हाला पाठवले. तिथे बाकावर एक रिक्षावाले दादा टॉवेलात गुंडाळलेली मांजर मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी एक कॉलेजची मुलगी होती. आम्ही एकमेकांना नाव, वय, काय झाले होते एवढेच विचारले. तिथे कोणाला कोणाचे रडणे जास्त वाटले नाही, आणि त्या तासाभराने मला जो दिलासा दिला तो नंतरच्या कित्येक समजुतीच्या शब्दांनी दिला नाही.

चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे नाना आमच्याकडे आले. ऐंशी उलटलेले, जुन्नर तालुक्यातले, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात सारी नोकरी झालेले. जनावरांशी त्यांचा काही संबंध असेल, असे मला कधी वाटले नव्हते. त्यांनी फळ्यावरची ओळ सकाळी फिरायला जाताना वाचली होती. चहा घेता घेता ते त्यांच्या लहानपणीच्या हौश्या बैलाविषयी बोलू लागले. हौश्या गेला तेव्हा वडिलांनी त्याला आपल्याच शेतात बांधाकडेला खड्डा खणून, मीठ घालून पुरले, वर नारळ ठेवला आणि त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. वाडीतली माणसे येऊन ओटीवर बसली, कोणी म्हणून हसले नाही. "आमच्याकडे आळ्याला रेड्याची समाधी आहे, ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची. तिथं जाऊन माणसं नमस्कार करतात," नाना म्हणाले. "ठाण्यात आल्यावर मी हौश्याचं नाव कुणापाशी काढलं नाही. सांगायचं कुणाला? तुम्ही लिहिलंत म्हणून आलो." आईने त्यांना थांबवून घेतले आणि ते दोघे बराच वेळ बैलांविषयी बोलत राहिले. आई मूळची रोह्याकडची, आणि तिच्या माहेरीही बैलजोडी होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसाठी मी लेखी अर्ज दिला आहे. फळ्याच्या खालच्या भागात, रहिवाशाची इच्छा असल्यास, घरातल्या प्राण्याच्या निधनाची एक ओळ एक दिवसापुरती लिहिता यावी, एवढीच त्यात मागणी आहे. मासा गेला म्हणून कोणी लिहिले तरी माझी हरकत नाही. ज्या मुलाचा तो मासा असेल त्याला वर जाऊन भेटता येईल. अर्जावर माझ्या खाली नानांची सही आहे आणि त्यांच्या खाली आणखी काही घरांच्या, ज्यांत कधीच कोणतेही जनावर न पाळलेली घरेही आहेत. सभा पुढच्या महिन्यात आहे.